पडद्याच्या वैद्यकीचे पहिले घर : बोस्टनचे रेटिना फाउंडेशन

डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटला की तो डोळा गेला, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत, आणि त्यात फारसे चूक नव्हते. १९१२ साली सिनसिनाटीचे नेत्रतज्ज्ञ डेरिक व्हेल यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे चौकशी केली की, सुटलेला पडदा बरा झाल्याचे तुम्ही किती वेळा पाहिले? उत्तरांची गोळाबेरीज हजारात एक अशी काहीशी निघाली. त्याच वर्षी १३ मार्चला बेल्जियममधल्या मुस्क्रॉन गावी चार्ल्स स्केपेन्स यांचा जन्म झाला. २००६ साली, वयाच्या ९४व्या वर्षी, ते वारले तेव्हा दहातले नऊ पडदे जागेवर बसवता येत होते. हा सगळा फरक एकट्या स्केपेन्सनी पाडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पडद्याचे आजार हा नेत्रवैद्यकातला स्वतंत्र आणि पूर्णवेळचा विषय आहे, त्याला स्वतःचा दवाखाना, स्वतःची प्रयोगशाळा आणि स्वतःचे विद्यार्थी हवेत, हा हट्ट मात्र त्यांचाच. त्या हट्टातून १९५० साली बोस्टनमध्ये रेटिना फाउंडेशन उभे राहिले. या स्मरणिकेत आपल्याकडच्या नेत्रसंस्थांची माहिती येईलच. त्यांच्यातल्या रेटिना विभागांचे मूळ ज्या घरापर्यंत जाते, त्या घराचा हा इतिहास आहे.

बोस्टनच्या आधी लोझानला जायला हवे. स्वित्झर्लंडमधल्या या शहरात ज्यूल गोनँ नावाचे नेत्रतज्ज्ञ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत एकच गोष्ट परोपरीने सांगत होते. पडद्याला आधी चीर पडते, त्या चिरेतून डोळ्यातला द्रव पडद्यामागे शिरतो आणि मग पडदा सुटतो. म्हणून आधी चीर शोधा आणि ती बंद करा. गोनँ ती तापलेल्या शलाकेने डाग देऊन बंद करत. बाकीच्यांचे म्हणणे असे की, चीर हा परिणाम आहे, कारण नव्हे. १९२९ साली ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गोनँचे म्हणणे सर्वांनी मान्य केले. १९३५ साली ते वारले. त्याच वर्षी स्केपेन्स गेंट विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडले.

गोनँचा सिद्धान्त बरोबर होता. अडचण वेगळीच होती. चीर शोधायची कशी? डॉक्टरांच्या हाती तेव्हा होता तो हेल्महोल्ट्झच्या १८५१ सालच्या शोधातून आलेला, एका डोळ्याने पाहायचा ऑफ्थॅल्मोस्कोप. तो रुग्णाच्या गालाला गाल लागेल इतका जवळ न्यायचा आणि बाहुलीतून आत पाहायचे. प्रतिमा पंधरापट मोठी दिसते खरी, पण एका वेळी पडद्याचा चिमूटभर भाग दिसतो आणि खोली कळत नाही. शिवाय एक हात उपकरणाला जखडलेला. चिरा तर बहुतेक वेळा पडद्याच्या कडेला, डोळ्याच्या पार पुढच्या भागात असतात. तिथे हे उपकरण पोहोचतच नसे. म्हणजे आजाराचे कारण सापडले होते, पण ते कारण प्रत्येक डोळ्यात दिसेलच याची खात्री नव्हती. ऑपरेशननंतर रुग्णाचे दोन्ही डोळे बांधून, डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून, त्याला आठवडेच्या आठवडे पलंगावर उताणे निजवत. त्यातून निम्म्याच्या आतबाहेर डोळे वाचत.

स्केपेन्स लंडनच्या मॉरफील्ड्स नेत्ररुग्णालयात शिकून ब्रुसेल्सला परतले आणि व्यवसाय सुरू केला. १९४० साली युद्ध आले. ते बेल्जियमच्या हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. देश पडला, जर्मन आले आणि गेस्टापोने त्यांना एका खोट्या आरोपावरून पकडले. काही दिवसांनी सोडले. पण त्यानंतर स्केपेन्स खरोखरच भूमिगतांना मिळाले. ब्रुसेल्समधला त्यांचा दवाखाना निरोप आणि कागदपत्रे पोहोचवण्याचे ठिकाण झाला. १९४२ साली हे उघडकीला आले तेव्हा ते फ्रान्समध्ये पळाले आणि पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, बास्क मुलखातल्या माँदीव या खेड्यात 'जाक पेरो' या नावाने प्रकट झाले. तिथे एक बंद पडलेली लाकडाची वखार त्यांनी चालवायला घेतली. डोंगरावरची झाडे खाली आणायला तारेचा मार्ग होता. जर्मनांच्या डोळ्यांसमोर वखार रीतसर चालू लागली. लाकूड कापले जात होते, विकले जात होते. आणि त्याच तारेने, लाकूडतोडे म्हणून, माणसे वर चढवली जात होती. वरून सीमा ओलांडली की स्पेन. ज्याँ सारोशार नावाचा तिथला धनगर वाट दाखवी. अशी शंभरावर माणसे निसटली. कागदपत्रांची आवकजावकही त्याच वाटेने होई. जर्मन अधिकाऱ्यांशी गोडीगुलाबीने राहणे हा सोंगाचाच भाग होता, त्यामुळे गावातल्या काहींचा पेरोसाहेबांवर रागही असणार. १९४३ साली गेस्टापो वखारीवर आली. स्केपेन्स डोंगरातून निसटून स्पेनमार्गे इंग्लंडला पोहोचले. पत्नी आणि मुलेही मागाहून तोच डोंगर ओलांडून त्यांना येऊन मिळाली.

नेत्रसंस्थेच्या इतिहासात एवढे युद्ध कशाला, असे कुणी म्हणेल. उत्तर पुढच्या गोष्टीत आहे. उघडपणे चालणारा एक धंदा उभा करायचा, त्याचा हिशेब चोख ठेवायचा, आणि त्याच्या आडोशाने जे खरे करायचे ते करायचे, ही स्केपेन्सची वखारीतली रीत होती. बोस्टनमध्ये त्यांनी संस्था चालवली ती याच चिकाटीने. फरक इतकाच की तिथे लपवण्यासारखे काही नव्हते.

लंडनला परतल्यावर ते पुन्हा मॉरफील्ड्समध्ये रुजू झाले. शहरावर उडते बाँब पडत होते. सामानसुमान मिळत नव्हते. अशा दिवसांत त्यांनी मोडीतल्या धातूचे तुकडे जमवून एक उपकरण बनवले. दोन डोळ्यांनी पडदा पाहण्याची कल्पना नवी नव्हती. पॅरिसच्या जिरो-त्यूलाँ यांनी १८६१ सालीच तसे उपकरण केले होते. स्केपेन्सनी ते डोक्यावर चढवले. दिवा कपाळावर, त्याखाली दोन भिंगे आणि लोलक. हातात एक वेगळे बहिर्गोल भिंग धरायचे. प्रकाश डोळ्यात जातो, पडद्यावरून परततो आणि हातातल्या भिंगाच्या अलीकडे पडद्याची उलटी प्रतिमा हवेत तरंगते. मोठेपणा जेमतेम तीनपट, पण पडद्याचा ऐसपैस भाग एकदम दिसतो. दोन डोळ्यांनी पाहायचे म्हणून उंचसखलपणा कळतो. लहानशा बाहुलीतून दोन्ही डोळ्यांची नजर आत जावी म्हणून लोलकांनी दोन डोळ्यांमधले अंतर दीडएक सेंटिमीटरवर आणलेले असते. आणि मुख्य म्हणजे एक हात मोकळा राहतो.

त्या मोकळ्या हाताचे काय करायचे, हेही त्यांनीच शिकवले. बोटात अंगुस्तानासारखे एक साधन घालायचे आणि पापणीवरून डोळ्याची भिंत हलकेच आत दाबायची. कडेचा जो भाग कधी दिसत नसे तो त्या दाबाने उचलला जाऊन नजरेसमोर येतो. आज कोणत्याही मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागात निवासी डॉक्टर 'इनडायरेक्ट' करतात ते हेच. पहिल्यांदा शिकणाऱ्याला सगळे उलटे दिसते, डावे उजवीकडे आणि वरचे खाली. हात आणि भिंग आणि मान यांचा मेळ बसायला आठवडे लागतात. ज्याला तो बसला त्याला पडदा कळला, असे आमच्या शिक्षकांचे म्हणणे होते आणि ते मी आजही खरे मानतो. स्केपेन्सचा मूळ नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

१९४७ साली ते अमेरिकेत गेले. त्याच वर्षी या उपकरणाविषयीचा त्यांचा लेख नेत्रतज्ज्ञांच्या अमेरिकन अकॅडमीच्या वार्षिकात छापून आला. बोस्टनला हार्वर्डच्या हाउ प्रयोगशाळेत त्यांना संशोधनाची जागा मिळाली आणि १९४९ साली शेजारच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर इन्फर्मरीत त्यांनी रेटिना विभाग सुरू केला. फक्त पडद्याचेच रुग्ण पाहणारा असा विभाग जगात कुठेच नव्हता. त्या काळच्या नेत्रतज्ज्ञाला मोतीबिंदू, काचबिंदू, तिरळेपणा, चष्मे, सगळेच यायला हवे होते. एका पडद्यावर पोट कसे भरणार, हा प्रश्न रास्तच होता.

रुग्णालयाने विभाग दिला, पण प्रयोगशाळा दिली नाही. स्केपेन्सना दोन्ही हवे होते. ऑपरेशन करणाऱ्याला व्हिट्रियस म्हणजे डोळ्यातला तो गोळीबंद पारदर्शक द्रव नक्की कशाचा बनलेला असतो हे ठाऊक नाही; आणि ज्याला ठाऊक आहे त्या रसायनशास्त्रज्ञाने सुटलेला पडदा कधी पाहिलेला नाही. ही दोन माणसे एका छपराखाली आणायची म्हणून १९५० साली रेटिना फाउंडेशन या स्वतंत्र, ना-नफा संस्थेची नोंदणी झाली. योगायोग असा की, अमेरिकन सरकारने मज्जाविकार आणि अंधत्व यांच्यासाठी राष्ट्रीय संस्था काढली तीही १९५०मध्येच. डोळ्यांसाठी वेगळी राष्ट्रीय संस्था व्हायला १९६८ उजाडावे लागले. म्हणजे सरकारच्या आधी अठरा वर्षे एका स्थलांतरित डॉक्टराला डोळ्याच्या एका पापुद्र्यासाठी स्वतंत्र संस्था काढावीशी वाटली.

संस्थेचे पहिले घर बोस्टनच्या वेस्ट एंड भागात, चेंबर्स स्ट्रीटवर होते. इन्फर्मरीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. इटालियन, ज्यू आणि पूर्व युरोपातून आलेल्या कामकऱ्यांची ती दाटीवाटीची वस्ती होती. १९५८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत शहर सुधारणेच्या नावाखाली ती वस्ती जवळजवळ साफ करण्यात आली. गिरगाव-लालबागच्या चाळींचे पुढे काय झाले ते पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. संस्था मात्र त्याच परिसरात टिकली आणि स्टॅनिफर्ड स्ट्रीटवरच्या इमारतीत गेली. तो पत्ता पुढे जगभरच्या शोधनिबंधांखाली छापला गेला.

प्रयोगशाळेसाठी स्केपेन्सनी ज्यांना आणले त्यांत एन्द्रे बालाझ हे हंगेरियन शास्त्रज्ञ होते. स्वीडनमध्ये काही वर्षे काढून ते १९५१च्या सुमारास बोस्टनला आले. त्यांचा विषय हायलुरॉनिक ॲसिड, जे कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गायीच्या डोळ्याच्या व्हिट्रियसमधून पहिल्यांदा वेगळे केले होते. सुटलेल्या पडद्याला आतून आधार म्हणून शुद्ध हायलुरॉनिक ॲसिड डोळ्यात भरता येईल का, हा बालाझ यांचा प्रश्न होता. भरण्याइतके शुद्ध करायचे म्हणजे डोळा लाल होता कामा नये. कोंबड्याच्या तुऱ्यापासून त्यांनी ते मिळवले आणि वर्षानुवर्षे शुद्ध करत राहिले. पडद्यासाठी ते फारसे उपयोगी पडले नाही. पण १९८०च्या सुमारास ते 'हीलॉन' या नावाने बाजारात आले आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची रीतच बदलली. आज तालुक्याच्या गावी मोतीबिंदू काढतानाही डॉक्टर सिस्टरकडे 'व्हिस्को' मागतात. तिच्या घराण्याचा उगम इथला. गुडघेदुखीवर गुडघ्यात जे 'जेल'चे इंजेक्शन देतात तेही त्याच पदार्थाचे. पडद्यासाठी काढलेल्या संस्थेचे सगळ्यांत जास्त माणसांपर्यंत पोहोचलेले काम बहुधा हेच असावे, आणि त्याचा पडद्याशी संबंध उरलेला नाही. मूलभूत संशोधनावर खर्च कशाला, असे विचारणाऱ्या विश्वस्तांना ही एक गोष्ट सांगून पाहावी.

शस्त्रक्रियागृहात काय चालले होते? १९५१पासून स्केपेन्स स्क्लेरल बकल करू लागले. चीर आहे त्या जागी बाहेरून डोळ्याची भिंत आत ढकलायची, म्हणजे भिंत पडद्याला जाऊन भिडते, चीर बंद होते आणि पडद्याची आतली ओढही सैल पडते. जर्मनीत अर्न्स्ट कुस्टोडिस यांनी १९४९ साली असा दाब देण्याची एक पद्धत सुरू केलीच होती. बोस्टनची पद्धत वेगळी होती. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीची अर्ध्या जाडीपर्यंत फाळ करायची, आत डायथर्मीचे चटके द्यायचे, प्लास्टिकची नळी त्या फाळेत बसवायची आणि ती डोळ्याभोवती पूर्ण फिरवून बांधायची. मागे साचलेला द्रव छिद्र पाडून काढायचा. १९५७ साली स्केपेन्स, ओकामुरा आणि ब्रॉकहर्स्ट यांनी ही सगळी रीत तपशीलवार प्रसिद्ध केली. रुग्णाची महिनामहिना पलंगावरची कैद संपली.

नळीने मात्र त्रास दिला. पॉलिएथिलीन टणक, काही वर्षांनी ती डोळ्याची भिंत पोखरून आत शिरे किंवा तिथे पू होई. हे दोष बोस्टनच्याच लोकांनी आपल्याच रुग्णांत शोधून छापले आणि १९६०मध्ये मऊ सिलिकॉनकडे वळले. आज आपण जे पट्टे आणि बँड बांधतो ते त्याच सिलिकॉनचे वंशज.

याच काळात न्यूयॉर्कला हार्वे लिंकॉफ यांनी कुस्टोडिसची पद्धत उचलली, तिच्यात सुधारणा केल्या, चटक्यांऐवजी गोठवणारी क्रायो आणली, सिलिकॉनचा स्पंज भिंतीच्या बाहेरूनच शिवला आणि द्रव काढायचाच नाही असे सांगितले. दोन घराणी पडली. परिषदांमध्ये बोस्टनवाले आणि न्यूयॉर्कवाले एकमेकांची प्रकरणे काढून दाखवत. आज मागे वळून पाहिले तर शस्त्रक्रियेच्या तपशिलात न्यूयॉर्कची सरशी झाली असे म्हणावे लागते; भिंतीची फाळ करून आत रोपण करणारे सर्जन आता शोधावे लागतील. मग बोस्टनने काय दिले? ऑपरेशनच्या आधी पडदा कसा पाहायचा हे दिले, आणि ते दोन्ही घराण्यांनी सारखेच घेतले. लिंकॉफचा स्पंज कुठे शिवायचा हे ठरवायलासुद्धा स्केपेन्सचाच दिवा डोक्यावर लागतो.

म्हणून या संस्थेच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे काय, असे मला विचाराल तर मी पडद्याच्या नकाशांकडे बोट दाखवीन. बोस्टनला फेलोशिपसाठी आलेल्या प्रत्येकाला रुग्णाचा पडदा कागदावर काढावा लागे. गोल नकाशा, घड्याळासारखे बारा भाग. प्रतिमा उलटी दिसते म्हणून कागदही उलटा ठेवायचा, बाराचा आकडा झोपलेल्या रुग्णाच्या पायांकडे करून. मग रंगीत पेन्सिली. सुटलेला पडदा निळा, जागेवरचा तांबडा. धमन्या तांबड्या, शिरा निळ्या. चीर तांबड्या रंगाने भरायची आणि तिला निळी कड द्यायची. मधल्या द्रवातला गढूळपणा हिरवा, आणि पडद्याखालच्या रंगद्रव्याचे डाग त्यांच्या त्यांच्या रंगांत. एक डोळा काढायला तासन्‌तास लागत. रुग्ण कंटाळे, फेलोची मान अवघडे. पण जो हात काढतो तो डोळा चुकवू शकत नाही. नुसते पाहिले तर दुसरी चीर नजरेतून सुटते, काढायला घेतले की रिकामी जागा कागदावर दिसते आणि परत पाहावे लागते. पहिली चीर सापडली की शोध थांबवायचा नाही हा धडा पेन्सिलीने शिकवला. पुढे शिक्षकाच्या टोपीला एक आरसा जोडून शेजारच्या विद्यार्थ्यालाही तेच दृश्य दिसेल अशी सोय आली.

इथे शिकलेले लोक जगभर गेले. १९६७ साली स्केपेन्सच्या पुढाकाराने रेटिना सोसायटी स्थापन झाली आणि तेच तिचे पहिले अध्यक्ष झाले. विषय आता एका माणसाचा राहिला नव्हता.

भारतातून आलेल्यांत एस. एस. बद्रिनाथ होते. १९४० साली मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये जन्म, मद्रास मेडिकल कॉलेजमधून पदवी, मग न्यूयॉर्कमध्ये प्रशिक्षण आणि त्यानंतर बोस्टनला स्केपेन्सच्या हाताखाली रेटिना. १९७० साली ते परतले. तिथेच राहून सुखाने व्यवसाय करता आला असता. त्या पिढीतल्या कित्येकांनी तो केला आणि त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. बद्रिनाथांनी मद्रासच्या व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेसमध्ये काम केले, खासगी रुग्णालयांत पडद्याच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि १९७८ साली शंकर नेत्रालय काढले. कांचीचे शंकराचार्य जयेंद्र सरस्वती यांनी डॉक्टरांना घातलेल्या सादेतून ते उभे राहिले म्हणून हे नाव. त्याची घडण मात्र ओळखीची वाटते: ना-नफा संस्था, रुग्णालयाला लागून संशोधन, आणि फेलोंची अखंड शाळा. १९८५ साली त्यांनी दृष्टिमापनाचे स्वतंत्र महाविद्यालयही सुरू केले, कारण चांगला नेत्रतज्ज्ञ एकटा काही करू शकत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. मुंबईचे कायदेपंडित नानी पालखीवाला या नेत्रालयाच्या मोठ्या देणगीदारांपैकी एक. बद्रिनाथांना १९९९ साली पद्मभूषण मिळाले आणि २१ नोव्हेंबर २०२३ रोजी ते वारले. पडद्याच्या ऑपरेशनसाठी मद्रासची गाडी पकडलेली माणसे महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत निघतील. ती बोस्टनच्या त्या रंगीत पेन्सिलींची ऋणी होती हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

परत स्टॅनिफर्ड स्ट्रीटवर येऊ. संस्था वाढली तशी तिची शकले व्हायला लागली. जॉन गर्गेली यांच्यासारखे स्नायूंच्या रसायनशास्त्रात नाव कमावलेले लोक तिथे काम करत होते; पडद्याच्या नावाने देणगी द्यायची आणि ती स्नायूंवर खर्च व्हायची, हे फार काळ चालणे कठीण होते. १९६८ साली मूलभूत जीवशास्त्राचा भाग वेगळा होऊन बोस्टन बायोमेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट झाले. उरलेले घर पुढे आय रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून ओळखले जाऊ लागले. वेगळी झालेली संस्था २०१२ साली बंद पडली.

१९७०मध्ये मायामीला रॉबर्ट माखेमेर यांनी डोळ्याच्या आत शिरून व्हिट्रियस कापून काढणारी व्हिट्रेक्टॉमी केली आणि पडद्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र बोस्टनहून हलले. हे सरळ सांगितलेले बरे. बोस्टनने तो विषय सोडला नाही; टोलेंटिनो, स्केपेन्स आणि फ्रीमन यांचा व्हिट्रियसच्या विकारांवरचा ग्रंथ १९७६ सालचा. तात्सुओ हिरोसे यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पूर्ण सुटलेल्या पडद्यांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या डोळ्यांना हात लावायलाही इतर कचरत. पण पुढाकार आता दुसरीकडे होता. संस्थेने नवे काही केले ते पाहण्याच्याच क्षेत्रात. १९८० साली रॉबर्ट वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरचा एकच ठिपका पडद्यावरून झरझर फिरवून चित्र उभे करणारे उपकरण दाखवले. त्या सहकाऱ्यांत ओलेग पोमेरांत्झेफ होते, जे स्केपेन्सच्या उपकरणांसाठी भिंगांची गणिते करत. आजच्या स्कॅनिंग लेझर ऑफ्थॅल्मोस्कोपची ती सुरुवात.

१९८३ साली स्केपेन्सचा 'रेटिनल डिटॅचमेंट अँड अलाइड डिसीजेस' हा दोन खंडांतला ग्रंथ आला. तोवर ते सत्तरी ओलांडून गेले होते. संस्थापक हयात आणि कार्यरत असताना संस्था त्याच्या नावाने ओळखली जाणे आपल्याकडे सवयीचे. बोस्टनलाही तसेच झाले आणि तिचे नाव स्केपेन्स आय रिसर्च इन्स्टिट्यूट पडले. १९९१मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलशी अधिकृत संलग्नता झाली. १९९३पासून २००४मध्ये मृत्यू येईपर्यंत डोळ्याच्या प्रतिकारशक्तीचे अभ्यासक वेन स्ट्राइलाइन तिचे प्रमुख होते. त्यांच्या काळात शस्त्रक्रियेपेक्षा प्रयोगशाळेचे वजन वाढले: प्रतिकारशक्ती, मूळ पेशी, आणि कमी दिसणाऱ्यांसाठी साधने बनवणारे एली पेली.

युद्धातली गोष्ट स्केपेन्स स्वतःहून फारशी सांगत नसत. मेग ऑस्ट्रम यांनी ती शोधून काढली आणि सर्जन व धनगर या जोडीवरचे त्यांचे पुस्तक २००४ साली आले. २१ मार्च २००६ रोजी फ्रान्सने त्यांना लेजियन ऑफ ऑनर दिले. २८ मार्चला ते गेले.

२०११ साली स्केपेन्स इन्स्टिट्यूट मॅसॅच्युसेट्स आय अँड इअरमध्ये विलीन झाले. ज्या रुग्णालयात प्रयोगशाळेला जागा नव्हती म्हणून ही संस्था वेगळी निघाली, त्याच रुग्णालयाचा ती एकसष्ट वर्षांनी संशोधन विभाग झाली. काही जुन्या लोकांना याचे वाईट वाटले असेल. मला यात हार दिसत नाही. रुग्णालये संशोधनाकडे पाठ फिरवत होती तेव्हा वेगळे होणे बरोबर होते. ती स्वतः प्रयोगशाळा बांधू लागल्यावर दोन दारे ठेवण्यात अर्थ नव्हता.

एक विनंती करून थांबतो. आपल्यातल्या ज्येष्ठ सर्जनांच्या घरी, जुन्या दवाखान्यांच्या कपाटांत, साठ-सत्तरच्या दशकांतले हाताने रंगवलेले पडद्याचे नकाशे नक्की असतील. आता पडद्याचे फोटो यंत्र काढते आणि हे कागद रद्दीत जातात. ते टाकू नका. रुग्णाचे नाव झाकून जवळच्या मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागाला किंवा ग्रंथालयाला द्या, आणि ते कुणी, कुठे, कोणत्या साली काढले हे मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.